मुलगी ओपीडीत एकटी आली तर

उपकेंद्रातल्या सिस्टर, सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), आशाताई आणि पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, नव्यानं रुजू झालेले डॉक्टर यांच्यासाठी हे लिहितेय. मी साताऱ्याच्या खटाव-माण पट्ट्यात आरोग्य सहायिका आहे. बैठकीत किशोरवयीन आरोग्याचा विषय निघाला की पोस्टर, पुस्तिका आणि आणखी एका प्रशिक्षणाची मागणी होते. पोस्टर आमच्याकडेही भिंतभर आहेत. पण पंधरा वर्षांची मुलगी पोस्टर वाचायला येत नाही. ती आत येते, आपल्या तोंडाकडे बघते आणि विचारायचं की नाही ते तिथल्या तिथं ठरवते. म्हणून काय शिकवायचं याच्या आधी आपण कसं वागायचं ते बघू.

आधी आपल्या मनात काय आहे ते बघा

मासिक सभेत अर्धा तास मागून घ्या. सगळ्यांना सारख्या चिठ्ठ्या द्या, नाव लिहायचं नाही. तीन-चार वाक्यं वाचून दाखवा आणि ‘पटतं’ किंवा ‘पटत नाही’ एवढंच लिहायला सांगा. मी वापरते ती वाक्यं अशी आहेत: लग्नाआधी गर्भनिरोधकाची माहिती दिली तर मुली बिघडतात. अविवाहित मुलीनं प्रेग्नन्सी टेस्ट मागितली तर आधी घरी कळवावं. मुलग्यांना हे सगळं आपोआप कळतं. पाळीत देवळात जाऊ नये, हे मी स्वतः पाळते.

चिठ्ठ्या उघडल्या की कुणाला दोष द्यायचा नाही. शेवटच्या वाक्यावर वाद तर घालायचाच नाही. कोण आपल्या घरात काय पाळते हा तिचा प्रश्न आहे. कामावर असताना ते पुढं मुलीला शिकवायचं नाही, एवढं सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पहिल्या वाक्याला मात्र भरपूर वेळ द्या, कारण खरी भीती तिथंच बसलेली असते. युनेस्कोनं 2018 मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र तपासून मांडले. लैंगिक शिक्षण दिल्यानं मुलं लवकर संबंध ठेवायला लागतात असं त्यात आढळलं नाही. उलट अनेक ठिकाणी पहिला संबंध पुढं गेला आणि निरोधचा वापर वाढला. ही गोष्ट सभेत मोठ्यानं वाचा. आपल्याकडे 2007 साली शाळांमधल्या या शिक्षणाला राज्यानं मनाई केली होती, तेव्हाही ‘पोरं बिघडतील’ हेच कारण पुढं होतं. तो धाक शिक्षकांच्या मनातून अजून पुरता गेलेला नाही. त्यामुळे बऱ्याच गावांत हे बोलणारं माणूस आपणच उरतो.

आणखी एक गोष्ट सभेत विचारा. सतराव्या वर्षी लग्न झालेली मुलगी एएनसीला, म्हणजे गरोदरपणातल्या तपासणीला, आली की आपण तिला पाळणा लांबवायचं सगळं सांगतो. गोळ्या, तांबी, अंतरा इंजेक्शन, काही सोडत नाही. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, कॉलेजात शिकणारी तिची मैत्रीण तेच विचारायला आली तर ‘तुला गं कशाला पाहिजे?’ दोघींचं शरीर सारखंच आहे. आपण वय बघत नाही, गळ्यातलं बघतो. आपल्याच सातारा जिल्हा परिषदेनं 2007 मध्ये नव्या जोडप्यांसाठी ‘हनिमून पॅकेज’ काढलं होतं, पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000 रुपये. अशा कामासाठी सिस्टर आणि आशाताई नव्या नवरीशी सासूच्या देखत बोलतात. तेव्हा विषयाची लाज आडवी येत नाही. मग ती अविवाहित मुलीसमोरच कुठून येते?

‘लग्न झाल्यावर सांगू’ म्हणायलाही जागा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यांना जे कळायला हवं होतं ते नववी-दहावीतच कळायला हवं होतं.

लोकांचं मन बदलत नाही असं कुणी म्हटलं, तर मी ‘नकुशी’ची आठवण देते. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींचं हे नाव शाळेच्या हजेरीत आणि गावात सर्रास हाक मारायला वापरलं जायचं. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये साताऱ्यात अशा 285 मुलींना नवी नावं दिली गेली. सरकारी यंत्रणेनं मनावर घेतलं म्हणून ते झालं.

खोली, वेळ आणि केसपेपर

गावात सगळे सगळ्यांचे पाहुणे असतात. बाकावर बसलेली काकी मुलीच्या आईची मैत्रीण असते, शिपाई तिच्या मामाच्या वाड्यातला असतो. म्हणून केसपेपरच्या खिडकीवर किंवा बाकासमोर ‘काय होतंय?’ विचारू नका. तिथं फक्त नाव आणि वय. तक्रार आत आल्यावर, दार लोटून. तपासणीला बाई सोबत हवीच. अविवाहित मुलीची आतून तपासणी उपकेंद्रात करायची नाही, गरज वाटली तर डॉक्टरकडे पाठवायचं.

लॅबवाल्याला सांगून ठेवा की ‘ही यूपीटी कुणाची हो?’ अशी हाक व्हरांड्यातून मारायची नाही. यूपीटी म्हणजे लघवीवरची प्रेग्नन्सी टेस्ट. तुम्हाला हे बारीकसारीक वाटेल. मुलींना नाही वाटत. एकदा असं झालं की त्या गावातल्या मुली वर्ष-वर्ष तुमच्याकडे फिरकत नाहीत, मेडिकलमधून काहीतरी घेऊन येतात.

वेळही बघा. सकाळची ओपीडी म्हणजे शाळेची वेळ. आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर, गावाकडची एसटी यायच्या आत, तासभर थांबता आलं तर थांबा आणि तो वार कधी बदलू नका. तालुक्याच्या मोठ्या दवाखान्यात मैत्री क्लिनिक असतं, समुपदेशक असतात, तिकडं जरूर पाठवा. पण डोंगरकडेच्या वाडीवरच्या मुलीला तिथं जायचं तर घरी कारण सांगावं लागतं आणि तिकिटाला पैसे मागावे लागतात. तिच्यासाठी पहिलं दार आपलंच आहे.

बोलायला सुरुवात कशी करायची

‘कुणाबरोबर आलीस?’ आणि ‘लग्न झालंय का?’ हे दोन प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारायचे नाहीत. दुसरा लागलाच तर नंतर, कारण सांगून विचारायचा.

मुली बहुतेक वेळा डोकं दुखतंय म्हणून येतात. परवाचीच गोष्ट सांगते. नववीतली एक मुलगी, खांद्यावर दप्तर. डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या, कागदात गुंडाळल्या, आणि दाराशी जाऊन पट्टा ओढत उभी राहिली. अशा वेळी पुढच्या पेशंटला हाक मारायची नाही. पेन खाली ठेवायचं. मी म्हटलं, ‘बस की गं, घाई नाही. तुमच्या वर्गातल्या मुलींना कसकसले त्रास होतात? मला शाळेत यायचंय, म्हणून विचारतेय.’ ती म्हणाली, ‘एकीला अंगावरनं पांढरं जातंय मॅडम. ती म्हणती हाडं झिजत्यात.’ मी ‘ती एक कोण?’ असं विचारलं नाही. त्या मैत्रिणीसाठीच सगळं सांगितलं: या वयात थोडं पातळ, पांढरं जाणं नेहमीचं आहे, पाळीच्या मधल्या दिवसांत जरा जास्त जातं, त्यानं हाडं झिजत नाहीत. खाज आली, घाण वास आला, दह्यासारखं किंवा हिरवट जायला लागलं, ओटीपोटात दुखलं तर मात्र यायचं, औषधानं बरं होतं. निघताना तिनं विचारलं, ‘मग तिला घेऊन येऊ का?’ मी म्हटलं, ‘ये. नाहीतर तू एकटी ये, तरी चालेल.’

मैत्रिणीच्या नावानं विचारलेला प्रश्न मैत्रिणीच्याच नावानं सुटू द्यायचा. मुलगी तयार झाली की स्वतःवर येते. आणि तिचेच शब्द वापरायचे. ती ‘अडचण’ म्हणाली तर आपणही अडचण म्हणायचं, पुस्तकी बोलायला लागलो की ती गप्प होते.

चेहऱ्यावर ताबा ठेवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि ते सरावानंच येतं. दोघी सिस्टर समोरासमोर बसा. एकीनं विचारायचं, ‘मॅडम, एकदाच झालंय, पाळी चुकलीय.’ दुसरीनं भुवई न उचलता, ‘अगंबाई’ न म्हणता विचारायचं, ‘बरं झालं आलीस. शेवटची पाळी कधी आली होती?’ हसू येईल, येऊ द्या. चार वेळा केलं की ओपीडीत जमतं.

मुलींबाबत काय लक्षात ठेवायचं ते थोडक्यात. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन वर्षं ती 21 ते 45 दिवसांत कधीही येऊ शकते, त्यासाठी लगेच गोळ्या नकोत. पंधरा वर्षं पुरी होऊनही पाळी आली नाही, तीन महिने खंड पडला, सात दिवसांवर रक्त गेलं, किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागलं, तर डॉक्टर. पाळी कधीच आलेली नाही पण महिन्याच्या महिन्याला पोटात कळ येते, अशी मुलगी आली तर तिला ‘होईल हळूहळू’ म्हणून परत पाठवू नका. रक्त आत साठत असू शकतं. तिला लगेच स्त्रीरोगतज्ज्ञाकडं पाठवा. लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर, लगेच वर चहा नाही. शी काळी होते हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या खिडकीतून टाकतात.

मुलगे

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे. तो 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी आहे, दोघांसाठी. तरी आपलं सगळं काम पॅड आणि हिमोग्लोबिनभोवती फिरतं. मुलगा आला तर आपण त्याला आरोग्य सेवकाकडं ढकलतो, तो हसून ‘व्यायाम कर’ म्हणतो आणि विषय संपतो.

मग तो मुलगा एसटी स्टँडच्या भिंतीवरचा ‘गुप्तरोग’ वाचतो आणि त्या पत्त्यावर जातो. झोपेत वीर्य जातं म्हणून दोन-दोन हजारांची भुकटी विकत घेतलेली पोरं मी बघितली आहेत, बापाच्या खिशातले पैसे काढून. धातू गेला की ताकद जाते, एक थेंब म्हणजे चाळीस थेंब रक्त, असल्या धाकानं अभ्यासावरचं लक्ष उडतं, जेवण कमी होतं. त्यांना स्वच्छ शब्दांत सांगायचं: झोपेत जाणं या वयात साहजिक आहे. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, पुढं मूल व्हायला अडचण येत नाही. एक अंडगोळी दुसरीपेक्षा जरा खाली असणं नेहमीचं आहे. छातीला थोडी गाठ आली, दुखली, तर वाढीच्या वयात तसं होतं आणि बहुतेकांचं वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक मुलग्याला सांगाच. अंडगोळीत अचानक जोराची कळ आली, उलटी झाली, तर लाजायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. गोळीला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर गोळी वाचायची शक्यता चांगली असते, उशीर होईल तशी ती कमी होत जाते. लाजेपायी आईला ‘पोट दुखतंय’ सांगणारा मुलगा हमखास उशिरा पोचतो. सिस्टर, मुलगा पोट दुखतंय म्हणून आला तर ‘खाली दुखतंय का?’ हे तुम्ही विचारा.

बाईनं मुलग्यांशी बोलू नये असं मला पटत नाही. आवाज नेहमीचा ठेवला की मुलगे ऐकतात. आणि पाळी म्हणजे काय हेही त्यांना सांगा. वर्गातल्या मुलीच्या स्कर्टला डाग लागला तर हसायचं नाही, हे मुलींच्या कार्यक्रमात सांगून उपयोग नाही.

शाळेतली पेटी

3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीला शाळा आपल्याला बोलावतात. त्या आपल्याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या. त्या दिवशी भाषणं भरपूर असतात. मुख्याध्यापकांना सांगून त्यापुढचे दोन तास मागून घ्या आणि भाषणाऐवजी प्रश्नपेटी न्या. मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा पुरतो, वर चीर पाडायची.

सगळ्यांना एकाच मापाचा कागद आणि एकाच रंगाचं पेन. प्रत्येकानं काहीतरी लिहायचंच, प्रश्न नसेल तर ‘आज जेवणात काय होतं’ ते लिहायचं. त्यामुळे कोण लिहितंय आणि कोण नाही यावरून कुणी ओळखू येत नाही. डबा शिक्षकांनी उघडायचा नाही, अक्षर त्यांच्या ओळखीचं असतं. चिठ्ठ्या आपण घरी नेऊन वाचायच्या आणि दुसऱ्या दिवशी येऊन उत्तरं द्यायची. एक रात्र हातात असली की उत्तर नीट तयार होतं.

लोणच्याला हात लावला तर नासतं का? हात धरल्यानं दिवस जातात का? मोबाईलवर बघतो ते खरं असतं का? असं सगळं येतं. शेवटच्या प्रश्नाला टाळू नका. तो सिनेमासारखा रचलेला प्रकार आहे, त्यात समोरच्याची इच्छा विचारलेली दिसत नाही, तसं खऱ्या आयुष्यात वागायचं नसतं, असं सरळ सांगा.

कधी एखादी चिठ्ठी अशी निघते की ‘घरातला माणूस हात लावतो, मला नको असतं.’ ती वर्गात वाचायची नाही आणि अक्षरावरून शोधमोहीम काढायची नाही. सगळ्या वर्गाला मिळून सांगायचं की असं कुणाशी होत असेल तर चूक त्या मुलाची किंवा मुलीची नाही, मुलांच्या मदतीच्या 1098 नंबरला फोन करता येतो, आणि मी अमुक वारी अमुक वेळी उपकेंद्रात एकटी भेटते. हे पुन्हा पुन्हा सांगायचं. मूल येतं, उशिरा का होईना.

गुपित किती राखायचं

इथं बरेच जण गोंधळतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नका. सुरुवातीलाच म्हणायचं: ‘तू सांगशील ते मी तुझ्या आईला किंवा गावात सांगणार नाही. पण कुणी तुला इजा करत असेल किंवा कायद्यानं कळवावंच लागतं असं काही असेल, तर मी ते पुढं कळवीन, आणि आधी तुला सांगून कळवीन.’

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012 चा. त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल आहे आणि मुलीची संमती होती हे धरलं जात नाही. कलम 19 प्रमाणे असा गुन्हा झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवावं लागतं, न कळवणं हाही गुन्हा आहे. पण कळवायचं आहे म्हणून उपचार अडवून ठेवायचे नाहीत. उपचार आधी, आणि ते मोफत. गर्भपाताबद्दल सर्वोच्च न्यायालयानं 29 सप्टेंबर 2022 रोजी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. अल्पवयीन मुलगी संमतीच्या संबंधातून गर्भवती असेल आणि गर्भपातासाठी आली असेल, तर मुलीनं आणि पालकांनी तशी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करायची गरज नाही. हे डॉक्टरांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. तुम्ही सांगा.

अठराच्या आतल्या मुलीच्या गर्भपाताला पालकांची लेखी संमती लागते. 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, अल्पवयीन मुलीला 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं करता येतो. म्हणजे आईला कुणीतरी सांगावंच लागणार. मुलीला विचारा की आधी कुणाला सांगायचं, आई, मावशी की आजी. सांगताना आपण शेजारी बसायचं. मुलीला खोलीत एकटी सोडून आईला बाहेर गाठायचं नाही. मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्यांचं किट आणून घरी प्रयोग करायची वेळ येते ती आपण पहिल्या दिवशी ओरडलो म्हणूनच.

अठरा पूर्ण झालेली अविवाहित मुलगी गर्भनिरोधक मागायला आली तर पालकांची परवानगी लागत नाही. तातडीची गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी, आणि ती गर्भपाताची गोळी नाही, एवढं सांगून द्यायची. प्रवचन सोबत द्यायचं नाही.

आणि लग्न ठरल्याचं कानावर आलं, मुलगी दहावीत आहे, तर बालविवाह प्रतिबंधाचा कायदा 2006 चा आहे, मुलीला 18 आणि मुलाला 21. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना कळवा, 1098 लाही कळवा. आमच्या भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यानं लांबलांब गेलेली असतात. गावाकडं पोरीला एकटी कशी ठेवायची, या काळजीनं लग्न उरकतात. ती काळजी खरी असते. तिला वेडेपणा म्हणू नका, मुलीच्या वसतिगृहाची चौकशी करून द्या. मी हे काही घरांत केलंय आणि त्यातल्या मुली पुढं शिकल्या.

आया आणि पैसे

‘आमच्या पोरीला असलं काय बी शिकवू नका’ म्हणून आई चिडून आली तर तिला बसवा, पाणी द्या आणि विचारा, ‘ताई, तुम्हाला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कुणी सांगितलं होतं?’ बहुतेक जणी गप्प होतात, मग सांगायला लागतात. कुणी जखम झाली समजून रडत बसली होती, कुणाला गोठ्यात निजवलं होतं. त्यानंतर काय शिकवणार ते आईला आधी दाखवा, लपवू नका. यासाठी संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखी जागा नाही. बायका आधीच जमलेल्या असतात, निवांत असतात. वाणासोबत पंधरा मिनिटं मागून घ्या.

पडदा, आतून लागणारी कडी, दोन खुर्च्या आणि भिंतीवर वार-वेळ लिहिलेली पाटी, एवढंच सामान लागतं. उपकेंद्राच्या अबंधित (ठरावीक खर्चाला न बांधलेल्या) निधीतून ते बसतं, पीएचसीत रुग्ण कल्याण समितीपुढं विषय ठेवा. तोंडी मागू नका. मासिक सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या सभेत पहिला विषय तोच घ्या.